लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील: ऊस घालणारा मालक झाला त्याची गोष्ट



संक्रांत जवळ आली की आपल्या मंडळात तिळगुळाची गडबड सुरू होते. कोणी तीळ भाजून आणते, कोणी इंडियन ग्रोसरीत चिक्कीचा गूळ शोधत फिरते, आणि हळदीकुंकवाला यंदा काय वाण द्यायचे यावर फोन सुरू होतात. इथे खिडकीबाहेर बर्फ असतो. तिकडे नगर, सांगली, कोल्हापूरकडे मात्र याच दिवसांत ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असतो. माझे आजोळ नगर जिल्ह्यातल्या कालव्याच्या पट्ट्यात. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण जुनी सवय जात नाही.) थंडीत पहाटे बैलगाड्यांच्या घुंगरांचा आवाज आणि कारखान्याकडून येणारा मळीचा उग्र वास, ही माझी संक्रांतीची आठवण.

मागच्या वर्षी तिळगुळाच्या कार्यक्रमात जेवताना विषय निघाला साखर कारखान्यांचा. टेबलावरच्या बहुतेकांचे म्हणणे एकच पडले: सहकार म्हणजे राजकारण, गटबाजी आणि निवडणुका. मला ते पूर्ण खोडून काढता आले नाही, कारण त्यात तथ्य आहे. पण हे सगळे सुरू कसे झाले, कोणी केले आणि मुळात कशासाठी केले, हे आमच्या टेबलावर कोणालाच नीट सांगता येईना. म्हणून हा लेखाचा प्रपंच. ज्यांच्यापासून ही गोष्ट सुरू होते ते लोणीचे विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

कालवा आला, पैसा राहिला नाही

विठ्ठलरावांचा जन्म १८९७ साली, नारळी पौर्णिमेला, लोणी बुद्रुक या गावी झाला. आज हे गाव राहाता तालुक्यात येते. साल दुष्काळाचे होते, प्लेगचेही होते. नगर जिल्हा हा मुळातच कमी पावसाचा. त्याच्या वीस-बावीस वर्षे आधी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले होते. त्या दंग्यांत घरे लुटण्यापेक्षा कर्जाची खते हिसकावून जाळण्यावर लोकांचा जोर होता. सरकारने १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा केला, पण कर्ज काही हटले नाही. विठ्ठलराव वाढले ते अशा मुलखात.

शाळेचे शिक्षण त्यांचे फारसे झाले नाही. घरी शेती होती, ती करू लागले. त्याच सुमारास त्या भागाचे रूप बदलत होते. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला मोठे धरण बांधले जात होते, ते १९२६ मध्ये पुरे झाले. प्रवरेचे कालवे आले, शेजारी गोदावरीचेही कालवे आले. जिथे बाजरी पिकली तर पिकली अशी स्थिती होती, तिथे उसाचे हिरवे पट्टे दिसू लागले.

आपल्याला वाटेल, पाणी आले म्हणजे प्रश्न सुटला. तसे झाले नाही. ऊस हे खर्चाचे पीक आहे. बेणे, खत, पाणीपट्टी, मजुरी हा सगळा पैसा आधी घालावा लागतो आणि पीक वर्ष-दीड वर्षाने हाती येते. तोवरचा पैसा सावकाराकडून किंवा अडत्याकडून घ्यायचा. ऊस तयार झाला की शेतातच गुऱ्हाळ लावायचे, चरकातून रस काढायचा, काहिलीत आटवून गूळ करायचा आणि ढेपा गाडीत घालून पेठेत न्यायच्या. पेठेत ज्याच्याकडून उचल घेतली त्याच अडत्याच्या दुकानी माल उतरवावा लागे. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरे. ज्याचा माल तो बाजूला उभा. मग अडत, तोलाई, हमाली, कडता अशी वजावट होई आणि त्यातून उचल व व्याज वळते होई. शेतकरी घरी परतताना पुष्कळदा पुढच्या वर्षाची उचल घेऊनच परते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात गुळाला बरा भाव मिळाला होता. नंतर तो घसरला आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत तर पारच कोसळला. पाणी होते, ऊस होता, कष्ट होते, तरी बागायतदार कोरडवाहूवाल्यापेक्षा जास्त कर्जात बुडाला. कारण कोरडवाहूवाल्याला एवढे कर्ज कोणी दिलेच नव्हते!

दुसरा मार्ग होता साखर कंपन्यांचा. याच भागात हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना होता, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्सचा होता. १९३२ मध्ये देशी साखरेला सरकारने संरक्षण दिल्यावर या धंद्याला तेजी आली. पण दख्खनच्या कंपन्यांची पद्धत अशी की त्या प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या जमिनी लांब मुदतीच्या खंडाने घेत आणि त्यावर स्वतःच ऊस पिकवत. शेतकऱ्याला ठराविक खंड मिळे. कित्येक जण आपल्याच जमिनीवर मजुरीला जात. म्हणजे गूळ केला तर अडत्याच्या हाती आणि जमीन दिली तर कंपनीच्या हाती. पिकापासून बाजारापर्यंतच्या रस्त्यावर शेतकऱ्याचा हक्क असलेली जागा एकही नव्हती.

गावची पतपेढी

विठ्ठलरावांनी सुरुवात केली ती अगदी लहान कामापासून. १९२३ मध्ये त्यांनी लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी काढली. गावातल्या लोकांनी थोडा थोडा पैसा एकत्र करायचा, मध्यवर्ती बँकेकडून कर्ज घ्यायचे आणि ते आपसात वाजवी व्याजाने वाटायचे.

हे ऐकायला सोपे वाटते. पण गावात पतपेढी चालवणे म्हणजे भाऊबंदाला कर्ज नाकारणे, सोयऱ्याकडे वसुलीला जाणे आणि वर्षअखेर सगळ्यांसमोर हिशेब मांडणे. कर्ज थकले की पतपेढी बुडते, आणि ती बुडाली की गाव पुन्हा सावकाराच्या ओट्यावर. त्या काळात काढलेल्या कित्येक सोसायट्या अशाच बुडाल्या. लोणीची टिकली. पंचक्रोशीत विठ्ठलरावांचे नाव झाले ते या कामामुळे, आणि माझ्या मते पुढच्या मोठ्या कामाचे खरे भांडवलही हेच होते. पुढे हजारो रुपये गोळा करण्याची वेळ आली तेव्हा लोकांनी योजना पाहिली नाही. ज्याच्या हाती पैसा जाणार तो माणूस पाहिला.

पण पतपेढीची मर्यादाही त्यांना दिसत होती. स्वस्त कर्जाने व्याज वाचते, गुळाचा भाव वाढत नाही. जोवर माल बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे, तोवर पीक कितीही चांगले आले तरी उपयोग मर्यादित. हा विचार सुचणारे ते एकटेच नव्हते. कारखाना आपणच काढावा अशी भाषा कालव्यावरच्या बागायतदारांत सुरू झाली होती. प्रश्न एवढाच होता की कसा.

बेलापूरची परिषद

१९४५ च्या डिसेंबरमध्ये बेलापूर रोड येथे, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजमध्ये शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे पहिल्यापासूनचे संचालक. त्या परिषदेत शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर साखर कारखाना काढावा हा विचार पक्का झाला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रवरेच्या कारखान्याला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याची पद्धत आहे. त्याआधी आंध्रमध्ये एटिकोप्पाका येथे १९३३ मध्ये सहकारी साखर कारखाना झाला होता, आणखी एक-दोन प्रयत्नही झाले होते. पण त्यातून चळवळ उभी राहिली नाही. ती राहिली प्रवरेतून. पहिलेपणाचा वाद बाजूला ठेवला तरी प्रवरेचे मोठेपण कमी होत नाही.

गाडगीळ आणि विखे ही जोडी मला या गोष्टीतला सर्वांत सुंदर भाग वाटते. एक नागपूरकडचा ब्राह्मण, इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा प्राध्यापक. दुसरा जेमतेम शाळा पाहिलेला, फेटा बांधणारा मराठा शेतकरी. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध जाळपोळ झाली, गावोगाव मने फाटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. आणि शेतकऱ्यांनी अध्यक्ष केले ते गाडगीळांना, उपाध्यक्ष झाले विठ्ठलराव. गाडगीळ १९६० पर्यंत त्या पदावर होते. शेतकऱ्यांना कागद, कायदा आणि सरकारदरबारची भाषा जाणणारा माणूस हवा होता, आणि प्राध्यापकाला आपला सिद्धांत जमिनीवर उतरवणारा हवा होता. दोघांनी एकमेकांची गरज ओळखली आणि त्यात मानापमान येऊ दिला नाही.

वेशीवेशीवर

परिषदेपासून पहिल्या गाळपापर्यंत पाच वर्षे गेली. त्यातली कित्येक भाग गोळा करण्यात गेली. विठ्ठलराव गावोगाव फिरले. पारावर, चावडीत, वस्तीवर जाऊन लोकांना भाग घ्यायला सांगत राहिले. ज्या लोकांकडे पैसा मागायचा होता ते स्वतः कर्जात होते. कारखाना हे शेटजींचे काम, आपले नव्हे, असे मानणारे पुष्कळ. आपला पैसा बुडेल ही भीती सगळ्यांनाच. जमिनीसारखा कारखाना डोळ्यांना दिसतही नव्हता. दिसत होते ते लोणीजवळचे उघडे माळरान.

शेतकऱ्यांच्या पैशाने सगळे भागणार नव्हतेच. यंत्रे परदेशातून यायची होती. मुंबई राज्यात तेव्हा अर्थ आणि सहकार खाते वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होते. सहकाराला आयुष्य वाहिलेला हा माणूस. त्यांचे पाठबळ मिळाले. प्रांतिक सहकारी बँक पाठीशी राहिली आणि १९४८ मध्येच स्थापन झालेल्या इंडस्ट्रियल फायनान्स कॉर्पोरेशनकडून कर्ज मिळाले. पण कर्ज देणाऱ्यांनी आधी पाहिले की शेतकऱ्यांनी स्वतःचे किती घातले आहेत. ते विठ्ठलरावांनी गोळा केलेले होते.

१९५०-५१ च्या हंगामात कारखान्याचे पहिले गाळप झाले. क्षमता रोज सुमारे ५०० टनांची. आजच्या कारखान्यांपुढे ती फारच लहान वाटेल, पण उसाच्या मोळ्या ज्या गव्हाणीत पडत होत्या ती गव्हाण मोळी घालणाऱ्यांच्या मालकीची होती.

रोज साडेबारा एकर

आता थोडे कारखाना चालतो कसा त्याविषयी. विठ्ठलरावांच्या कामाची खरी किंमत त्याशिवाय कळत नाही.

ऊस तोडल्यापासून त्यातली साखर आणि वजन दोन्ही कमी होऊ लागते, म्हणून तो शक्यतो एका दिवसात गाळायचा असतो. त्यामुळे ऊस दूरच्या बाजारात नेता येत नाही, घरात साठवताही येत नाही. दुसरीकडे कारखाना एकदा सुरू झाला की रात्रंदिवस चालावा लागतो. ऊस कमी पडून यंत्रे थांबली की नुकसान, आणि जास्त येऊन वजनकाट्याबाहेर गाड्या तुंबल्या तरी नुकसान. ५०० टनांच्या कारखान्याला, एकरी ४० टन ऊस धरला तर, रोज साडेबारा एकर तोड हवी. बैलगाडीत टन-दीड टन मावतो, म्हणजे रोज सुमारे साडेतीनशे ते पाचशे गाड्या. हे असे चार-पाच महिने, एकही दिवस न चुकता, आणि शेकडो लहान शेतकऱ्यांच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवरून.

प्रत्येकाला आपला ऊस सोयीच्या वेळी तुटावा असे वाटते. लवकर तुटला तर रान मोकळे होऊन दुसरे पीक घेता येते. फार उशीर झाला तर उन्हाने ऊस वाळतो, वजन घटते. सगळ्यांचे एकदम होणे शक्य नाही. मग कोणाचा आधी, कोणाचा नंतर? खाजगी मालक हे आपल्या सोयीने ठरवील आणि शेतकऱ्याला दुसरा गिऱ्हाईक नसल्याने तो भाव पाडू शकेल. उलट शेतकऱ्याने ऐनवेळी गुळाचा भाव चढला म्हणून ऊस गुऱ्हाळाला नेला, तर कारखाना उपाशी. दोघांच्याही हातात एकमेकांचा गळा असतो, आणि जिथे विश्वास नाही तिथे दोघेही बुडतात.

सहकारी कारखान्याने यावर काढलेला तोडगा असा. ऊस घालणाराच सभासद, म्हणजे मालक. लागणीच्या वेळीच उसाची नोंद करायची. लागणीची तारीख आणि जात पाहून तोडीचा क्रम लावायचा. तोडणी-वाहतुकीची जबाबदारी कारखान्याने घ्यायची. उसाचे वजन काट्यावर झाले की पहिला हप्ता द्यायचा आणि साखर विकून हिशेब झाला की उरलेला भाव द्यायचा. मतदान एका माणसाला एकच, मग दोन एकरवाला असो की वीस एकरवाला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नफा भागावरच्या लाभांशातून फारसा वाटायचा नाही. खर्च जाऊन जे उरेल ते उसाच्या भावातून, टनामागे द्यायचे. त्यामुळे नुसते भाग घेऊन बसण्यात फायदा नाही, चांगला ऊस वेळेवर घालण्यात आहे.

मागे वळून पाहताना यात एक खोच दिसते. उसाचा भाव सगळ्यांना कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर मिळतो. एखाद्याने मन लावून गोड ऊस पिकवला तरी त्याला वेगळा भाव नाही. शेजाऱ्याच्या फिक्या उसाबरोबर त्याची सरासरी होते. पण प्रत्येक गाडीचा उतारा वेगळा काढणे शक्य नव्हते, आणि काढला असता तर प्रत्येक गाडीवर भांडण झाले असते. इथेही शेवटी एकमेकांवर भरवसा ठेवूनच चालावे लागले.

आजोबांची तोड

हे सगळे मी पुस्तकी सांगतो आहे असे वाटू नये म्हणून घरचे एक सांगतो. आमच्या आजोबांचा चार एकर ऊस होता, एका सहकारी कारखान्याकडे नोंदवलेला. कारखान्याचे नाव सांगत नाही. एका वर्षी त्यांच्या नोंदीनंतर लावलेल्या, पण संचालकांच्या जवळच्या माणसांच्या उसाला आधी टोळी मिळाली. आजोबा रोज सकाळी गट ऑफिसला जायचे आणि तोडीची चिठ्ठी न घेताच परत यायचे. चिटबॉय नजर चुकवायचा. मार्च संपला, पाचट वाळून उसाला तुरे आले, तेव्हा कुठे टोळी आली. वजन इतके घटले की त्या वर्षी मामाचे कॉलेज थांबते की काय अशी वेळ आली.

आजोबा चिडले होते, पण त्यांनी ऊस गुऱ्हाळाला नेला नाही. सप्टेंबरमध्ये वार्षिक सभेला मात्र डबा घेऊन गेले आणि उभे राहून बोलले. काय बोलले ते आम्हाला कधी कळले नाही. पुढच्या वर्षी तोड वेळेवर आली. लहानपणी मला वाटायचे, एवढा त्रास होतो तर दुसरीकडे का घालत नाहीत ऊस? आता कळते की स्वतःच्या कारखान्याशी भांडण्याचा हक्क हाच त्यांच्या वडिलांच्या पिढीला न मिळालेला हक्क होता. अडत्याच्या दुकानी सभा भरत नव्हती.

म्हणूनच वाटते की विठ्ठलरावांनी जे उभे केले ते यंत्रांपेक्षा नाजूक होते. काटा बरोबर, नोंद बरोबर, पाळी बरोबर, पैसा वेळेवर. यातले एक जरी हलले की मालक असलेला शेतकरी पुन्हा नुसता ऊस घालणारा होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असे बंधन घातले, तरी थकबाकीच्या बातम्या आपण आजही वाचतो. कायदा आहे, पण चोख व्यवहाराची सवय कायद्याने लागत नाही.

प्रवरानगर

कारखाना चालला. कर्ज फिटू लागले. माळरानावर वसाहत झाली, तिला प्रवरानगर नाव मिळाले. प्रवरेकडे पाहून इतरांनी धीर केला. वारणेकाठी तात्यासाहेब कोरे, सांगलीत वसंतदादा पाटील, पंचगंगेच्या खोऱ्यात रत्नाप्पा कुंभार अशी माणसे आपापल्या भागात कारखाने उभारू लागली. काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्राचा नकाशाच बदलला. १९६० मध्ये गाडगीळ अध्यक्षपदावरून दूर झाले आणि विठ्ठलराव अध्यक्ष झाले. १९६१ मध्ये पंतप्रधान नेहरू प्रवरानगरला येऊन गेले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

पुढे गाडगीळ दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. १९७१ च्या मे महिन्यात ते पद सोडून पुण्याला परतत असताना आगगाडीतच त्यांचे निधन झाले. विठ्ठलरावांचे निधन २७ एप्रिल १९८० रोजी झाले. आज कारखान्याला त्यांचेच नाव आहे, आणि महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस शेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

कारखान्याच्या जोडीने शाळा आल्या, कॉलेजे आली, लोणीला मोठे रुग्णालय आले. उसाच्या पैशातून टनामागे थोडी थोडी कपात करून अशी कामे उभी करण्याची रीत साखरपट्ट्यात सगळीकडे रुजली. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली, त्याच वर्षी लोणीलाही कॉलेज निघाले. आपल्या मंडळाच्या यादीवर नजर टाका. साखरपट्ट्यातल्या कॉलेजातून शिकून इथे आलेले किमान चार-पाच जण मला तोंडपाठ आहेत. त्यांच्या फीचा काही भाग त्यांच्या वडिलांनी भरला, आणि कॉलेजची भिंत कोणा अनोळखी शेतकऱ्याच्या उसाच्या बिलातून आली.

जमा आणि बाकी

कौतुकाचा लेख लिहिताना बाकीची बाजू झाकली तर तो हिशेब खरा राहणार नाही.

पहिली बाकी ऊस तोडणाऱ्यांची. बीड, पाथर्डी अशा कोरड्या भागांतून नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेऊन येतात. दोघांचा मिळून एक कोयता धरतात. पहाटेपासून तोड, मोळी बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे, आणि राहायला पाचटाची खोपी. उचल फिटली नाही की पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. सावकाराच्या उचलीतून सुटलेल्या शेतकऱ्याने उभ्या केलेल्या कारखान्याच्या दारात ही दुसरी उचल आहे. हे लोक सभासद नाहीत, त्यांना सभेत बोलता येत नाही. या साखळीत ज्याचा घाम सर्वांत जास्त, त्याला मालकी मिळाली नाही.

दुसरी बाकी पाण्याची. कमी पावसाच्या मुलखात उसाने कालव्याचे आणि विहिरींचे पाणी फार ओढले. आणि तिसरी बाकी त्या दिवशी आमच्या टेबलावर ज्यावर बोलणे झाले ती. कारखान्याचे अध्यक्षपद ही आमदारकीची पायरी झाली, कुठे ते घरातच राहू लागले. बरेच कारखाने तोट्यात गेले, काही अवसायनात निघाले, काही खाजगी हातांत गेले. ज्या गावांत असे झाले तिथल्या सभासदांच्या घरी भागाचा दाखला अजूनही ट्रंकेत जपून ठेवलेला असतो.

तरीसुद्धा मला प्रवरेची गोष्ट जुनी झाली असे वाटत नाही. अमेरिकेत मिनेसोटा आणि नॉर्थ डाकोटाच्या सीमेवर रेड रिव्हरच्या खोऱ्यात साखरेसाठी बीट पिकवणारे शेतकरी आहेत. १९७३ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेतली आणि आपली सहकारी संस्था केली. आजही ती शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. त्यांना लोणीचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण पीक एका हातात, कारखाना दुसऱ्या हातात, आणि माल नाशवंत असला की पिकवणाऱ्याची अडचण तीच होते, मग तो प्रवरेकाठी असो की बर्फात.

तर मंडळी, यंदाच्या कार्यक्रमात साखर कारखान्याचा विषय निघालाच तर राजकारणाबरोबर लोणीच्या त्या लहान पतपेढीचीही आठवण काढा. घरी आई-वडिलांना फोन कराल तेव्हा विचारा, आपल्या गावचा ऊस कोणत्या कारखान्याला जातो, तोड वेळेवर आली का, मागच्या हंगामाचे पैसे मिळाले का. शेती विकून टाकलेली असली तरी विचारा. माझ्या मामाला मी हे प्रश्न विचारले तेव्हा आधी तो हसला, मग पाऊण तास बोलत होता.

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला!